परीक्षेची परीक्षा

वाण्याच्या दुकानांतील तराजू व वजनें ठराविक मुदतीनें सरकारी निरीक्षकाकडून तपासून घ्यावीं लागतात आणि त्यांवर शिक्का नसेल तर वाण्याला दंड होतो, हें आपण सर्वच जाणतों. पाव किलो साखरेंत दहा ग्रॅमचा फरक पडला तर आपण भांडावयास उठतों. परंतु घरांतल्या ऐंशी वर्षांच्या माणसाची स्मृति शाबूत आहे किंवा नाहीं, त्याला एकटें बाहेर जाऊं द्यावें किंवा नाहीं, हें ज्या प्रश्नपत्रिकेवरून ठरतें तिच्यावर कोणाचा शिक्का आहे, हें विचारण्याचें आपल्या मनांत सहसा येत नाहीं. छापील कागदावर आंकडा दिसला कीं आम्हां सुशिक्षितांची मान आपोआप लवते. हा विषय मीं गेले कांहीं महिने बराच चाळला. आणि त्यास कारण झाल्या त्या आमच्या आत्याबाई.

आत्याबाई म्हणजे माझ्या कैलासवासी सासऱ्यांच्या धाकट्या भगिनी. वय त्र्याऐंशी, शिक्षण मराठी चौथी. तेविसाव्या वर्षीं वैधव्य आलें आणि त्या भावाकडे आल्या त्या कायमच्याच. आमचें घर डोंबिवलीस पूर्वेकडे, मानपाडा रस्त्यापासून थोडें आंत. तिघे भाऊ, त्यांच्या बायका, मुलें, एक नातसून असें अकरा माणसांचें कुटुंब, शेजारशेजारच्या दोन बिऱ्हाडांतील मधली भिंत काढून, एकत्र राहतें. अशीं कुटुंबें आतां येथें विरळाच. आमचें टिकून आहे, आणि तें टिकण्यांत आत्याबाईंच्या कमरेच्या किल्लीचा वांटा मोठा आहे असें माझें प्रामाणिक मत आहे. फराळाच्या डब्यांपासून घराच्या कागदपत्रांपर्यंत सर्व ज्या कपाटांत असतें, त्या कपाटाची ती किल्ली.

गेल्या ज्येष्ठांत आमच्या रस्त्यावरील एका सभागृहांत ज्येष्ठ नागरिकांसाठीं आरोग्यतपासणीचें शिबीर भरलें. भरविणाऱ्यांचा हेतु चांगला होता, म्हणून त्यांचें नांव घेण्याचें प्रयोजन नाहीं. एक वीस-बावीस वर्षांची मुलगी हातांत टॅब्लेट घेऊन स्मृतीची परीक्षा घेत होती. बाहेर पाऊस कोसळत होता, आंत ध्वनिक्षेपक ओरडत होता.

"आजी, आज तारीख कोणती?"

"तारीख कॅलेंडरावर असते, बाळ. आज वद्य पंचमी."

साल विचारलें तर आत्याबाईंनीं शक सांगितला. ऋतु विचारला तर ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म म्हणून ग्रीष्म सांगितला. शास्त्राप्रमाणें तो बरोबरच होता, पण छतावर पाऊस वाजत असल्यामुळें मुलीला तो भलताच वाटला. गांव कोणतें, तर मानपाडा. आतां ठाणें जिल्ह्यांत मानपाडे दोन. एक ठाण्यास घोडबंदर रस्त्यावरचा, दुसरा आमचा, कल्याण-शीळ रस्त्यालगतचा. यंत्रांत मात्र 'डोंबिवली' हेंच उत्तर भरलेलें. शंभरांतून सात सात वजा करावयास सांगितले, आत्याबाई त्र्याण्णव, शहाऐंशी इतकें म्हणून थांबल्या आणि "हें कोणाचें देणें आहे?" असें त्यांनीं विचारलें. शेवटीं एकमेकांत गुंतलेले दोन पंचकोन कांचेवर बोटानें काढावयाचे होते. ठिपक्यांच्या रांगोळ्या घालण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांच्या बोटाखालीं ती गुळगुळीत कांच कांहीं वळेना. तिसांपैकीं बावीस गुण. कागदावर छापून आलें : 'स्मृतिभ्रंशाची शंका, तज्ज्ञांस दाखवावें.'

तज्ज्ञांस दाखविणें राहिलें बाजूला. त्या रात्रीं मोठ्या दिरांनीं तो कागद जेवतांना वाचून दाखविला आणि दुसऱ्या दिवसापासून घरांत एक मूक व्यवस्था सुरू झाली. किल्ली 'सोयीसाठीं' म्हणून थोरल्या जाऊबाईंकडे गेली. आत्याबाईंनीं गॅस पेटवूं नये असें ठरलें. फडके रस्त्यावरील गणपतीच्या देवळांत त्या दर चतुर्थीला एकट्या जात, तेथें आतां कोणीतरी बरोबर जाऊं लागलें. कोणीहि वाईट हेतूनें वागलें नाहीं. परंतु आत्याबाई सकाळीं उठल्यावर कमरेकडे हात नेत आणि तो तसाच खालीं सोडीत, हें मी रोज पाहत होतें.

ह्या परीक्षेचें मूळ अमेरिकेंतलें. मार्शल व सुझन फोल्स्टीन हें दांपत्य आणि पॉल मॅकह्यू यांनीं ती १९७५ सालीं प्रसिद्ध केली. रुग्णालयांतील मनोरुग्णांची बुद्धि कितपत जाग्यावर आहे हें वैद्याला पांच-दहा मिनिटांत अजमावतां यावें, एवढाच तिचा मूळ उद्देश. एकंदर गुण ३०. २४ हून कमी पडल्यास संशय घ्यावा असा प्रघात पुढें पडला. ही परीक्षा जगभर गेली ती आपल्या गुणांमुळें, कारण ती सुटसुटीत आहे. पण तिच्याबरोबर २४ चा उंबरठाहि जगभर गेला, आणि खरी गोम तेथेंच आहे. खुद्द अमेरिकेंत १९९३ सालीं १८,००० हून अधिक प्रौढांचे गुण प्रसिद्ध झाले. त्यांत नऊ वर्षें किंवा अधिक शिकलेल्यांचा मध्यम गुण २९, पांच ते आठ वर्षें शिकलेल्यांचा २६, आणि चार वर्षें किंवा त्याहून कमी शिकलेल्यांचा २२ ! म्हणजे चौथी शिकलेल्या आमच्या आत्याबाई अमेरिकेंतल्या चौथी शिकलेल्या माणसांच्या ऐन मध्यावर येतात. त्यांचें वय धरलें तर मध्याच्या थोड्या वरच म्हणावयास हरकत नाहीं. शाळेंत किती वर्षें गेलीं हें मोजणारी परीक्षा आपण डोक्यांत काय उरलें हें मोजण्यासाठीं वापरतों, आणि शाळा ज्यांना मिळाली नाहीं त्या पिढीच्या बायकांना तिचा पहिला फटका बसतो.

आपल्याकडच्या कांहीं संशोधकांच्या हें ध्यानांत आलें होतें. हरियाणांतील बल्लभगढच्या खेड्यांत, जेथें बहुसंख्य वृद्ध निरक्षर होते तेथें, डॉ. मेरी गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्या परीक्षेचें हिंदी रूप तयार केलें. तें १९९५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांनीं नुसतें भाषांतर केलें नाहीं. ज्याला साल माहीत असण्याचें कारणच पडत नाहीं त्याला दिवसाचा कोणता प्रहर आहे असें विचारलें. हिशेब सोपा केला, आकृति सोपी केली, आणि ज्याला लिहितां येत नाहीं त्याला वाक्य तोंडीं सांगण्याची मुभा दिली. माप बदलल्याशिवाय माणूस मोजतां येत नाहीं हें त्यांनीं मान्य केलें, ही मला मोठी गोष्ट वाटते.

इकडे घरांत सोळा दिवस गेले. माझ्या धाकट्या जावेची भाची मनोविकारशास्त्राचें पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. ती सुट्टीला आली असतां तिच्या कानांवर ही हकीकत गेली. तिनें आत्याबाईंना सकाळच्या वेळीं, त्यांच्याच खोलींत, दार लावून, त्यांच्या उजव्या बाजूला बसून हेच प्रश्न विचारले. उजव्या बाजूला अशासाठीं कीं त्यांचा डावा कान जवळजवळ गेलेला आहे; शिबिरांत ती मुलगी डावीकडे बसली होती. तिथि व शक पंचांगांत पाहून बरोबर धरले, ऋतु बरोबर धरला, मानपाडा मान्य केला. वजाबाकी या खेपेस एक पायरी पुढें गेली. सत्तावीस गुण. लक्षांत ठेवण्यासाठीं तीन शब्द सांगतांच आत्याबाई म्हणाल्या, "हे नवे वाटतें? मागल्या खेपेला आंबा, खुर्ची, पैसा होतें."

घरांत आनंद झाला. भाचीनें मात्र तो टिकूं दिला नाहीं. "काकू," ती मला म्हणाली, "बावीसावर विश्वास ठेवूं नका तसा सत्तावीसावरहि ठेवूं नका. मी घरची मुलगी; माझा हात सैल सुटला असणार. शिवाय एकदां दिलेली परीक्षा दुसऱ्यांदा सोपी जातेच."

मग तिनें जें समजावून दिलें तें मी माझ्या शब्दांत देतें. कोणत्याहि मापाला दोन प्रश्न विचारावयाचे. तेंच माणूस, त्याच्या प्रकृतींत फरक पडला नसतां, पुन्हा मोजलें तर तोच आंकडा येतो काय? आणि दोन निरनिराळ्या परीक्षकांनीं मोजलें तर त्यांचें जुळतें काय? ह्याला ते विश्वसनीयता म्हणतात. ह्या परीक्षेंत दोन-तीन गुणांचा चढउतार केवळ मापनाच्या हेलकाव्यानेंहि होऊं शकतो. त्यावरून माणूस सुधारला किंवा बिघडला असें म्हणतां येत नाहीं. दोन परीक्षकांचें जुळणें हेंहि दिसतें तितकें सरळ नाहीं. समजा, शंभर वृद्ध आहेत आणि दोघेहि परीक्षक प्रत्येकीं सुमारें नव्वदांना 'ठीक' व सुमारें दहांना 'सदोष' ठरवितात. दोघांनीं डोळे मिटून शिक्के मारले तरी सुमारें ८२ जणांविषयीं त्यांचें मत योगायोगानेंच जुळेल. मग प्रत्यक्षांत ९१ जणांविषयीं जुळलें, तर पाठ थोपटून घेण्यासारखें त्यांत काय आहे? योगायोगाच्या पलीकडे जुळण्यास जागा होती १८ जणांची. जुळलें ९ जणांविषयीं. म्हणजे खरा मेळ निम्माच. जेकब कोहेन ह्या मानसशास्त्रज्ञानें १९६० सालीं हा हिशेब मांडला आणि त्याच्या आंकड्याला कप्पा हें ग्रीक अक्षर दिलें. एखाद्या शिबिराच्या कागदावर हा कप्पा छापलेला मीं तरी अद्याप पाहिला नाहीं.

परंतु जुळणें म्हणजे खरें असणें नव्हे. आमच्या दिवाणखान्यांतलें घड्याळ दहा मिनिटें पुढें असतें. लोकल चुकूं नये म्हणून मोठे दीर तें मुद्दाम तसें ठेवतात. तें रोज तितकेंच पुढें असतें, म्हणजे विश्वसनीय आहे. पण वेळ चुकीचीच दाखवितें. घड्याळाचें निदान आम्हांला ठाऊक तरी आहे.

ह्या भेदाचें महत्त्व एकत्र कुटुंबांत फार. वृद्धांच्या स्वावलंबनाच्या कांहीं याद्या आहेत. सिडनी कॅट्झ यांची १९६३ सालची यादी सहा गोष्टींची : स्नान, कपडे घालणें, शौचास जाणें, उठून बसणें, मलमूत्रावर ताबा, आणि जेवणें. लॉटन व ब्रोडी यांची १९६९ सालची यादी आठ गोष्टींची. तींत टेलिफोन, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, धुणें, प्रवास, औषधें व पैशांचा व्यवहार येतो. पुरुषांच्या बाबतींत स्वयंपाक, घरकाम आणि धुणें हीं तीन कलमें पूर्वीं गाळीत असत. अमेरिकेंतले पुरुषहि आमच्याच दिरांसारखे होते असें दिसतें! आमच्या मोठ्या दिरांनीं सत्तर वर्षांत स्वतःच्या हातानें चहा केलेला नाहीं. प्रश्नपत्रिका त्यांना परावलंबी ठरवील, आणि एका अर्थीं तें खोटेंहि नाहीं. आत्याबाईंना शिबिरांत विचारलें, "स्वयंपाक करतां का?" त्या म्हणाल्या, "नाहीं." घरांत तीन सुना व एक नातसून असतां त्यांनीं कां करावा? 'करीत नाहीं' आणि 'करतां येत नाहीं' यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पण यादींत चौकोन एकच. उलट, जमिनीवर मांडी घालून बसणें व हात न टेकतां उठणें ही आमच्याकडच्या गुडघ्यांची खरी कसोटी ह्या दोन्ही याद्यांत नाहीं.

मनाच्या स्वास्थ्याचीहि एक प्रश्नावलि असते, पंधरा प्रश्नांची. पूर्वींच्या आवडी व उद्योग सोडून दिले काय, अशा अर्थाचा प्रश्न तींत आहे. ज्या बाईनें तेविसाव्या वर्षींच पुष्कळ कांहीं सोडलें, आणि उरलेलें वानप्रस्थ म्हणून समजून-उमजून सोडलें, तिच्या 'होय' मध्यें खिन्नता किती व विरक्ति किती, हें पंधरा खुणांवरून कसें ओळखावें? शिवाय हे प्रश्न शिबिरांत आम्हां दोघी सुनांच्या देखत विचारले गेले. आत्याबाईंनीं सर्वांना एकच उत्तर दिलें : "माझी कांहीं तक्रार नाहीं."

भाचीनें दार लावून विचारलें तेव्हांहि पहिल्या प्रथम तेंच उत्तर आलें. ती घाई न करतां बसून राहिली. मग बोलतां बोलतां निघालें, कीं आत्याबाई संध्याकाळीं सहानंतर पाण्याचा घोटहि घेत नाहींत. रात्रीं उठावें लागतें, गुडघा धरतो, खोलींतून मोरीपर्यंत अंधार, कोणाला उठवावयाचें म्हणजे सकाळीं गाडी पकडणाऱ्या माणसाची झोप मोडावयाची. म्हणून पाणीच बंद. दोन वर्षें हें चाललें होतें. डोकें जड होणें, उन्हाळ्यांत दोनदां आलेली भोंवळ, लघवीची जळजळ, यांपैकीं एकाचीहि वाच्यता नाहीं. आणि शिबिराच्या यादींत 'शौचास जाणें' ह्या कलमापुढें पूर्ण स्वावलंबी अशी खूण ! जेथें माप कमी भरलें तेथें बाई धडधाकट, आणि जेथें माप पूर्ण भरलें तेथें ती तहानेनें सुकत होती.

वैधव्याचें मौन हें कांहीं आमच्याच घरचें नव्हे. १९४३ सालच्या बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ सालीं, कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्यविज्ञान संस्थेनें सिंगूर भागांत प्रकृतीची पाहणी केली. विधुरांपैकीं शेंकडा ४८.५ जणांनीं आपण आजारी आहों किंवा आपली प्रकृति यथातथा आहे असें सांगितलें. विधवांपैकीं असें सांगणाऱ्या शेंकडा २.५ ! नुसत्या 'यथातथा' प्रकृतीचा आंकडा घेतला तर विधुर शेंकडा ४५.६, आणि विधवा एकहि नाहीं. अमर्त्य सेन यांनीं ह्या आंकड्यांकडे पुढें अनेकदां लक्ष वेधलें आहे. ह्या बायकांना महिन्यानें पुन्हा विचारलें असतें तरी बहुधा त्यांनीं तेंच सांगितलें असतें. विश्वसनीयता भरपूर, खरेपणा मुळींच नाहीं.

आपल्या प्रांतांतहि हा प्रश्न नेटानें हाताळला गेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानें पुणें जिल्ह्यांतील वढू भागांत २००७ सालीं पन्नाशीपुढील सुमारें पांच हजार माणसांना, जागतिक आरोग्य संघटनेच्या एका उपक्रमांत, स्वतःच्या प्रकृतीविषयीं विचारलें. त्यांत एक युक्ति होती, ती मला फार आवडली. माणसाला आधीं एखाद्या कल्पित इसमाची हकीकत सांगावयाची, म्हणजे अमक्याला चालतांना इतका त्रास होतो, तमक्याला जिना चढवत नाहीं. आणि मग त्याच्या त्रासाला तो काय म्हणेल तें विचारावयाचें. त्यावरून उत्तर देणाऱ्याची स्वतःची मोजपट्टी कळते. जी बाई दुसऱ्याच्या लंगडण्यालाहि 'कांहीं नाहीं, होतें असें' म्हणते, तिच्या स्वतःविषयींच्या 'कांहीं नाहीं' चें वजन किती धरावें, हें मग उमगतें. तेथील संशोधकांनीं ही मोजपट्टीहि सर्वत्र सारखी लागू पडते काय, हें पुन्हा तपासून पाहिलें. आणि त्यांना असेंहि आढळलें कीं ज्यांनीं आपली प्रकृति वाईट आहे असें मोकळेपणीं सांगितलें त्यांच्यांत पुढील चारेक वर्षांत मृत्यूचें प्रमाण खरोखरच अधिक होतें. म्हातारें माणूस कुरकुरलें तर ती संवयच आहे असें समजणाऱ्या घरांनीं हें ध्यानांत घ्यावें. म्हणजे विचारणें निरर्थक नाहीं. उत्तर आलें तर तें मोलाचें असतें. मौन आलें तर मात्र त्याचा अर्थ 'बरें आहे' असा लावतां येत नाहीं.

मुंबईस देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनें २०१७-१८ सालीं पंचेचाळीस वर्षांपुढील ७२,००० हून अधिक भारतीयांची पाहणी केली. तींत प्रश्नांबरोबर रक्तदाब, हाताची पकड वगैरे प्रत्यक्ष मोजलीं. तिच्याच एका शाखेंत साठीपुढील चार हजारांवर वृद्धांची स्मृति तपासली, आणि जवळच्या माणसालाहि निराळें विचारलें. त्यावरून देशांत साठीपुढील शेंकडा ७.४ माणसांना, म्हणजे सुमारें ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश असावा असा अंदाज २०२३ सालीं प्रसिद्ध झाला. रोग खरा आहे व थोडा नाहीं. म्हणूनच परीक्षा नकोत असें म्हणणाऱ्यांत मी नाहीं. पहिली परीक्षा ही चाळणी असते, निवाडा नसतो, एवढेंच. आणि चाळणीवर राहिलेल्यांना वैद्याकडे पाठवावयाचें असतें. त्यांची किल्ली काढून घ्यावयाची नसते.

आमच्या घरीं पुढें काय झालें तें सांगतें. आत्याबाईंना वृद्धरोगांच्या डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं रक्त, लघवी, कान व डोळे तपासले. लघवींतला दाह निघाला, त्यावर औषध दिलें. डाव्या कानांत बसविण्याचें यंत्र आणलें, तें आत्याबाई फक्त कीर्तनाला लावतात. मोरीच्या वाटेवर भिंतीला धरावयाची दांडी व रात्रीं जळणारा लहान दिवा बसविला. उशाशीं तांब्या असतो. स्मृतीबद्दल डॉक्टर इतकेंच म्हणाले, कीं आज भिण्यासारखें कांहीं दिसत नाहीं, पण सहा महिन्यांनीं त्याच परीक्षकानें, त्याच वेळीं, तशाच शांत खोलींत पुन्हा पाहावें, म्हणजे दोन आंकडे एकमेकांशीं ताडून पाहतां येतील. किल्लीचा विषय घरांत कोणी काढला नाहीं. एका सकाळीं थोरल्या जाऊबाईंनीं ती देवघरांत आत्याबाईंच्या पोथीवर ठेवली. आत्याबाईंनीं पूजा आटोपल्यावर ती उचलून कमरेला लावली आणि लाडवांसाठीं डिंक कोणत्या डब्यांत आहे तें न विचारतां सांगितलें.

पुढची तपासणी मार्गशीर्षांत आहे.